गेटवरचा कर्णा

मरोळच्या गाळ्यात माझा दोस्त महागड्या व्ही-ट्विन मोटरसायकलींचे एक्झॉस्ट पाइप हाताने घडवायचा. "श्रीमंतांच्या पोरांचे चोचले!" मी तोंडावर म्हणायचो. वाकवताना चेपू नये म्हणून पाइपात वाळू ठासत, ती घट्ट बसली का म्हणून टिचकी मारून कान लावत तो म्हणायचा, "तुझं युनियनचं पत्रक वाचलं रे. नुसता धूर."

कारखान्यातून काढलेल्या कामगारांच्या गेटसभेआधी मालकाच्या गुंडांनी आमचा लाउडस्पीकर फोडला. मी त्याच्याकडे धावलो. गिऱ्हाइकाच्या नव्याकोऱ्या पाइपाच्या टोकाचा पत्र्याचा कर्णा त्याने सरळ करवतीने कापला, कडा घासली आणि माझ्या हातात दिला. "ह्यातून बोल."

मी बोललो. आतली मशीनं थांबली, माणसं बाहेर आली. तो मागे उभा राहून, मान तिरकी करून ऐकत होता.

"कसं झालं?" मी विचारलं.

"पत्रा झकास बोलला. आता तू शिक."