कण्यातलं पान

त्यांचं खरं नाव गल्लीत कुणाच्या लक्षात नव्हतं. सगळे त्यांना खळकाका म्हणत, कारण त्यांच्या बाइंडिंगच्या दुकानात शिरलं की आधी नाकात जायचा तो शिजवलेल्या खळीचा वास. बाजारात तयार गोंद मिळायला लागून जमाना झाला, पण हे गृहस्थ रोज सकाळी पिठाची खळ शिजवणार म्हणजे शिजवणारच. "गोंद एकदा बसला की बसला," ते येईल त्याला ऐकवायचे. "खळीचं तसं नाही. चूक झाली तर ओल्या फडक्याने सुटते." आपल्या हातून चूक सहसा होत नाही, हेही लगेच जोडायचे.

दर रविवारी ते चर्चच्या मंडळीत बायबलचा शास्त्रवर्ग घेत. अब्राहामाच्या वंशाला, म्हणजे यहुद्यांना, देवाने दिलेली वचनं त्या लोकांनी गमावली आणि आता ती सगळी आपली, ख्रिस्ती लोकांची, हा त्यांचा आवडता धडा. चाळीस वर्षं शिकवत होते. वर्गालाही तो आवडायचा. आयता वारसा कुणाला नको असतो?

समोरच्या दुकानातले घड्याळजी यहुदी होते. दोघांचा चारचा चहा तीस वर्षांचा, आणि वादही तेवढाच जुना. एकदा घड्याळजी म्हणाले, "काका, मी घड्याळाला एका वर्षाची गॅरंटी देतो आणि पाळतो. तुमच्या म्हणण्याप्रमाणे देवाने आमच्या वाडवडलांना कायमची दिली आणि मागे घेतली. मग तुम्हाला दिलेल्या गॅरंटीवर तुम्ही कशाच्या भरवशावर झोपता हो?"

"तुमच्या चहात आज साखर जास्त झालीय," काका म्हणाले आणि विषय बदलला.

त्या वर्षी घड्याळजींच्या मुलीला बाळ झालं. घड्याळजींनी वडिलांचं प्रार्थनेचं जुनं पुस्तक काकांकडे बांधायला दिलं. पानं खिळखिळी झाली होती, काही तर पार सुटली होती. त्याच आठवड्यात मंडळीचं भलंमोठं पवित्र शास्त्रही टेबलावर होतं. रविवारी मंडळीला पन्नास वर्षं पूर्ण व्हायची होती, त्याआधी त्याला पाठीचा नवा कणा हवा होता. काकांनी दोन्ही कामं झोकात केली. शास्त्राच्या चामड्याच्या कण्यावर सोनेरी अक्षरंसुद्धा उमटवली.

गुरुवारी घड्याळजी पुस्तक न्यायला आले. त्यांनी ते उजवीकडून उघडलं, एक पान उलटलं, परत मागे आले.

"काका, पहिलं पान कुठंय?"

"हे काय," म्हणत काकांनी डावीकडचा पुठ्ठा उघडला.

"अहो, आमचं पुस्तक उजवीकडून सुरू होतं."

उजवीकडे एक सुटं पान होतं खरं, जाड, शाईने काहीबाही लिहिलेलं. शेवटचं कोरं पान कुणीतरी खरडून ठेवलंय, असं समजून त्यांनी ते रद्दीत टाकलं होतं.

"त्यावर सहा पिढ्यांची नावं होती," घड्याळजी हळूच म्हणाले. "खाली नातीचं लिहायचं होतं."

"शोधतो," काका म्हणाले. घड्याळजी पुस्तक तिथेच ठेवून, चहा न घेताच गेले. तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

शोधायचं काहीच नव्हतं. कणा ताठ राहावा म्हणून बाइंडर आतून रद्दीतल्या जाड कागदाचं अस्तर लावतात. ते पान न कापता बरोब्बर बसलं होतं, मंडळीच्या शास्त्राच्या कण्यात. आता मूग गिळून बसलं तर कुणाला पत्ता लागणार नव्हता. पान काढायचं तर कणा फोडायला हवा, आणि रविवार तोंडावर.

"चर्चच्या पाळकांना काय सांगू?" घरी त्यांनी काकूंना विचारलं.

"जे झालं ते सांगा," काकू म्हणाल्या. "आणि त्यांच्या नातीला काय सांगणार, तेही ठरवून ठेवा."

शुक्रवारी सकाळी काकांनी ओलं फडकं कण्यावर ठेवलं आणि वाट पाहिली. चामडं सुटताना सोनेरी अक्षरं तडकली. एवढ्या जाड ग्रंथाची पाठ ज्याने धरून ठेवली होती ते पान बोटाखाली येताना त्यांना शास्त्रातलं प्रेषिताचं पत्र आठवलं, यहुदी नसलेल्या ख्रिस्त्यांना लिहिलेलं. परक्या झाडाची फांदी तू, तुला इथे कलम केलंय, मुळापुढे मिजास करू नकोस, मूळ तुला धरून आहे. हा भाग ते वर्गात दरवेळी घाईघाईने उरकायचे. आज घाई करता येत नव्हती, कागद फाटला असता. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

पान अख्खं निघालं. शाई फुटली नव्हती. जीव भांड्यात पडला.

दुपारी घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावून एकेक नाव वाचलं. "कुठे होतं?"

"आमच्या शास्त्राच्या कण्यात. मीच चिकटवलं होतं."

घड्याळजींनी भिंग काढलं. "म्हणजे हे चार दिवस तुमचं शास्त्र आमच्या पणजोबांनी पेललं होतं म्हणायचं!" असं म्हणून ते हसले. काकांना हसू आलं नाही.

रविवारी सोहळ्यात शास्त्र फडक्याच्या पट्टीने बांधून ठेवलेलं होतं, पाठ उघडी. कुजबुज झालीच. नंतर वर्गात काका उभे राहिले.

"बाइंडिंग माझ्यामुळे बिघडलं," ते म्हणाले, "पण त्याहून मोठी चूक सांगायचीय. चाळीस वर्षं मी तुम्हाला चुकीचं शिकवलं. देवाने त्या लोकांना दिलेलं वचन मागे घेतलेलं नाही. तो मागे घेणारा असता, तर आपल्याला दिलेल्यावर तरी कसा विश्वास ठेवायचा? येशूने आपल्याला अब्राहामाच्या घरात आणलं. घरच्यांना बाहेर काढून नाही आणलं."

पुढच्या रांगेतले दोघे उठून गेले. काका बोलत राहिले.

सोमवारी चारला घड्याळजी पान घेऊन आले. खाली नातीचं नाव लिहिलेलं होतं. काकांनी पुस्तक फिरवून उजवीकडून उघडलं. "इथे ना?"

"तिथेच. खळ तयार आहे का?"

"खळ नको," सुईत दोरा ओवत काका म्हणाले. "हे शिवतो. हे आता सुटायला नको."