जेठीबाईचं नाक

कॅम्प चार या जुन्या निर्वासित वस्तीत जेठीबाईंना नाक मुरडताना कुणी पाहिलं नव्हतं. जिन्यात पानाच्या पिचकाऱ्या, मागच्या गल्लीत तुंबलेलं गटार, त्यात जीन्स धुणाऱ्या कारखान्यांचं निळं पाणी. या सगळ्यातून त्या ओढणी सावरत जायच्या आणि कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "अच्छा है, सब अच्छा है."

सिंधमधल्या घोटकीहून नवरा आणि मुलाला घेऊन त्या आल्या, त्याला बरीच वर्षं झाली होती. व्हिसा वाढवायला खेपा घालायच्या. सीमेवर काही झालं की दारात पोलीस चौकशीला हजर. ज्यांचे आजोबा फाळणीत त्याच सिंधमधून येऊन याच छावणीत उतरले होते, ते शेजारीच त्यांना 'पाकिस्तानवाली' म्हणायचे. समोरच्या यशोधराबाईंनी त्यांना मराठी शिकवली. त्यांच्याकडे चहा पिताना जेठीबाई एकदा बोलून गेल्या होत्या, "दीदी, पाहुण्याला ताटात केस सापडला तर तो काय करतो? गुपचूप बाजूला ठेवतो ना?"

नवऱ्याने नवस बोलला होता. भारताचे नागरिक झालो की इथल्या वाहत्या नदीत अखो घालायचा, म्हणजे चंद्रकोरीच्या दिवशी पदर पसरून पाण्याच्या देवाला, झुलेलालला, मागणं मागायचं आणि तांदूळ-साखर पाण्यात सोडायची. तोवर मंदिरातल्या सिमेंटच्या हौदावर भागवलं. नवरा कागद हाती येण्याआधीच गेला. कागद आल्यावर पहिल्याच चंद्राच्या दिवशी जेठीबाईंनी तांदूळ धुऊन वाळवले, साखर मिसळली आणि ओढणीच्या टोकात गाठ मारली.

तळमजल्यावर हितेशचं मोबाइलच्या कव्हरांचं दुकान होतं. "नदी कुठे आहे रे?" त्यांनी विचारलं.

"अपनी वालधुनी आहे ना, मासी. विठ्ठलवाडीच्या पुलाखाली," मोबाइलवरून मान न उचलता तो म्हणाला.

घोटकीत नदी म्हटलं की नदीच असायची. जेठीबाई रिक्षाने पुलावर गेल्या आणि खाली वाकल्या. खाली डांबरासारखं काळं काहीतरी हलत होतं, त्यावर साबणासारखा फेस. फुगलेलं डुक्कर थर्माकोलच्या पेटीला अडकलं होतं. वास नाकातून थेट घशात उतरला. शेजारी एका माणसाने कापडाच्या चिंध्यांचं पोतं कठड्यावरून खाली रिकामं केलं, हात झटकले आणि वर तो थुंकलाही. जेठीबाईंना कोरडी ओकारी आली. गाठ मुठीत धरून त्या घरी परतल्या.

हितेश हसला. "अरे मासी, मैं तो मजाक कर रहा था. खरंच गेलात?"

यशोधराबाई जिन्यातून ऐकत होत्या. "मजाक? विधवा बाईचा नवस आहे तो. गाडी काढ. बदलापूरला उल्हास नदीवर चल."

हितेशने कुरकुरत गाडी काढली, दोघी मागे बसल्या. निघताना डिकीत एक काळी पिशवीही टाकली.

बदलापूरला नदी खरोखर वाहत होती. पण काठावर दारूच्या बाटल्या, लहान मुलांचे वापरलेले डायपर, जेवणावळीच्या पत्रावळी आणि त्यांवर माश्या. पाण्यात टेम्पो उभा करून दोघे जण तो धूत होते, तेलाचा तवंग खाली जात होता. जेठीबाई ओढणी नाकाला लावून जागा शोधत होत्या. तेवढ्यात हितेशने ती पिशवी आणली. आत दुकानातल्या देवांच्या फुटक्या तसबिरी, प्लास्टिकचे हार, जुनं मखर.

"आलोच आहोत तर हेही सोडून देतो," तो म्हणाला.

"नको."

"देवाचं आहे, मासी. कचऱ्यात टाकू का?"

"पाणी कचरा आहे का?" जेठीबाईंनी पिशवीचा बंद धरला. "उचल. गाडीत ठेव."

"वा. पाकिस्तानहून येऊन आम्हाला शिकवणार. आवडत नसेल तर..."

"तर काय? परत जाऊ?" त्यांचा आवाज इतका चढला की टेम्पो धुणारे वळून बघू लागले. "घाणेरडे लोक तुम्ही! घरात दुधाने देव धुता आणि इथे नदीच्या तोंडात उकिरडा भरता. जिन्यात थुंकता, तिथेच चपला काढून पूजेला जाता. मी सगळं बघितलंय. रोज ओकारी गिळली. आता नाही गिळणार. आता मी पण इथली आहे."

मग टेम्पोवाल्यांकडे वळून अस्सल मराठीत म्हणाल्या, "ए, बाहेर काढा तो आधी. दिसत नाही का, पूजा आहे?"

टेम्पो निघाला. कदाचित धुऊन झालाच असेल. हितेशने पिशवी डिकीत आपटली.

तवंग पुढे सरकेपर्यंत जेठीबाई थांबल्या. मग चपला काढून, पायाला काय काय लागतंय त्याने अंग चोरत, गुडघाभर पाण्यात शिरल्या. ओढणीचा पदर पसरला, नवऱ्याचं नाव घेतलं आणि गाठ सोडली. तांदळाचे दाणे जरा वेळ दिसले. एक गुटख्याची पुडी त्यांच्यामधून वाहत आली, ती जेठीबाईंनी दोन बोटांनी उचलून काठावर फेकली.

परतताना त्या गप्प बसल्याच नाहीत. स्टेशनरोडच्या कचराकुंड्या, रस्त्यावर सोडलेलं सांडपाणी, नगरसेवकांचे फलक, सगळ्यांचा उद्धार झाला. अंबरनाथपर्यंत हितेशने सहन केलं, मग त्यांचा आवाज बाहेरच्या गोंगाटात बुडावा म्हणून काचा खाली केल्या.

"यशोदीदी, हिला जरा आवरा," तो म्हणाला.

"कशाला?" यशोधराबाई म्हणाल्या. "जेठी, जिन्याचं या फेरीत राहिलं. तेही सांग."