विद्यापीठाची नंबरप्लेट

उल्हासरावांनी एखादी गोष्ट मनावर घेतली की घरात दुसऱ्या कोणाला स्वस्थता नसे. तीस वर्षं जहाजांची इंजिनं सांभाळून ते परदेशात, यिशुन उपनगरातल्या फ्लॅटमध्ये स्थिरावले, पण चीफ इंजिनिअरपण काही अंगातून उतरलं नाही. सध्या त्यांना नंबरप्लेट हवी होती. मुलाच्या विद्यापीठाने माजी विद्यार्थ्यांसाठी आपल्या आद्याक्षरांच्या खास पाट्या काढल्या होत्या. ती अक्षरं गाडीवर मिरवायची, म्हणजे पोरगं कुठं शिकलं ते सगळ्या कारपार्कला कळेल! अट एकच होती, गाडी पदवीधराच्या नावावर पाहिजे.

बायको चित्रा ऑफिसातून येऊन पोहे भिजवत होती. हे पुराण ऐकण्याचा तिचा चौथा आठवडा. रागवायलाही अंगात त्राण उरलं नव्हतं.

उल्हासरावांनी तन्मयला फोन लावला, स्पीकरवर.

"गाडी तुझ्या नावावर करतो. तू फक्त सही दे."

"पप्पा, मला पार्किंगची कटकट नको लाह. पासिर रिसला माझ्या घराजवळूनच एमआरटीची ट्रेन आहे ना. आईला विचारा. शी ऑल्सो सेम युनिव्हर्सिटी, वॉट." तन्मयची बोली पुरती इथलीच झाली होती.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! चाळिशीत, दिवसभर नोकरी करून, चित्राने पाच वर्षं संध्याकाळचे वर्ग केले होते. जाता-येता दोन-दोन बस. नवरा समुद्रावर, पोर शेजारच्या लिमबाईंकडे. पदवीदानाच्या फोटोत तिच्या शेजारी उभ्या आहेत त्याही लिमबाईच.

"अगं, खरंच की!" उल्हासरावांनी लॅपटॉप ओढून पाटीचा अर्ज उघडला. "पदवीचं साल काय?"

या घरात सालं कोणी लक्षात ठेवत नसे, जहाजं ठेवत. तन्मय झाला तो उल्हासराव 'सागरमणी'वर असताना, सासरे गेले ते 'ईस्टर्न पर्ल'वर असताना. उल्हासरावांनी नेहमीच्या सवयीने विचारलं, "तेव्हा मी कुठल्या जहाजावर होतो गं?"

चित्राचे हात थांबले.

"त्या पाच वर्षांत तुमची चार जहाजं झाली. मला चारही पाठ आहेत. तुम्हाला माझं एक साल माहीत नाही."

"चुकलं. पण आता गाडी तुझ्या नावावर करू ना."

"मी बसनं शिकले. मला गाडी चालवताही येत नाही. नको ती पाटी."

त्यांनी लॅपटॉप मिटला.

"सर्टिफिकेट कुठंय?"

"तुमच्याच कपाटात. जहाजांच्या कागदांखाली."

कपाट उघडल्याचा आवाज आला. मग चष्मा लावून, कागद दोन्ही हातांत धरून उल्हासराव स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. त्यांनी तिचं पूर्ण नाव वाचलं, मग तारीख.

"जुलै, दोन हजार चौदा. ब्राझीलला होतो मी." त्यांनी कागद खाली घेतला. "त्या दिवशी फोन तरी केला होता का गं मी?"

चित्राने कढईत मोहरी टाकली.

"नाही," ती म्हणाली.