मगा छाप उमेदवार

नायगावच्या बीडीडी चाळीत बुधाजी गमरेला ओळखत नाही असा माणूस सापडलाच, तर तो कालच गावाहून ट्रंक घेऊन उतरलेला असणार. सत्तावन्नच्या निवडणुकीत नायगावपासून हिंदमातापर्यंत एकही भिंत त्याने कोरी ठेवली नव्हती. संयुक्त महाराष्ट्र समितीत पक्ष अनेक, निशाण्याही अनेक. बुधाजीच्या पक्षाचा हत्ती. पण झोपडी काढून द्या म्हणून कुणी आलं की झोपडी, विळा-कणीस म्हटलं की विळा-कणीस, ब्रश सदा ओलाच. एका भिंतीवर त्याने एवढा मोठा हत्ती काढला की शेपटी शेजारच्या इमारतीवर गेली, आणि तिथला मालक काँग्रेसचा निघाला. त्याने शेपटीवर चुना मारला. बुधाजीने दुसऱ्या दिवशी ती परत काढली, जरा जाड.

निशाणीवर त्याची अशी श्रद्धा बसायला कारण होतं. गिरणीत तो घडी खात्यात होता. तयार कापडाच्या तागांवर छाप मारायचं त्याचं काम. मोर छाप, घोडा छाप, कमळ छाप. गिऱ्हाईक अक्षर वाचत नाही, छाप बघतं, असं तो सांगायचा. जे कापडाचं तेच मताचं, यावर तो कुणाशीही भांडायला तयार असे.

दुसरी त्याची प्रसिद्ध गोष्ट म्हणजे मग्याची. लढाईच्या दिवसांत बुधाजी ब्रह्मदेशच्या आघाडीवर लष्करी लॉरी चालवायचा. एकदा चिखलात लॉऱ्यांची रांग तीन दिवस रुतून बसली. पुढच्या लॉरीवर टॉम हॅडली नावाचा इंग्रज होता, लँकेशायरच्या कापडगिरणीतला विणकर. त्याचा मगा ओढ्यात वाहून गेला होता. बुधाजी आपल्या निळ्या काठाच्या इनॅमलच्या मग्यातून चहा पीत होता. अर्धा झाला असेल नसेल, टॉमने हात पुढे केला, मगा घेतला, आणि न विसळता, न पुसता, उरलेला चहा पिऊन टाकला.

एवढीच गोष्ट. पण बुधाजी ज्या गावचा, तिथे त्याला पाणी वरून ओंजळीत ओतत. आणि गिरणीत मागावरच्या धोट्यातला धागा तोंडाने ओढून काढावा लागतो, त्याच्या तोंडचा धोटा इतरांना चालायचा नाही, म्हणून साचेखात्याचं, म्हणजे विणाईचं, दार त्याच्या बापाला बंद होतं आणि त्यालाही बंदच राहिलं. अशा माणसाला तो अर्धा मगा चहा केवढा वाटला असेल! ही गोष्ट त्याने चौदा वर्षांत चौदाशे वेळा तरी सांगितली असेल. त्याची बायको जाईबाई तांदूळ निवडता निवडता पुढचं वाक्य आधीच म्हणून टाकायची.

ही गोष्ट एका माणसाला मात्र कधीच पटली नाही. तो म्हणजे धोंडू परब, मालवणचा, साचेखात्यातला, समोरच्या चाळीत राहणारा. बुधाजीचा हा जिवलग दोस्त. फ्लोरा फाउंटनच्या मोर्चात दोघांनी एकाच लाठीचे तडाखे वाटून घेतले होते. पण धोंडू बुधाजीच्या गॅलरीत गप्पांना आला की घरून चहा पिऊन यायचा. आग्रह केला तर म्हणायचा, पित्त झालंय. चौदा वर्षं पित्त. त्यात त्याचा दुष्टपणा नव्हता, सवय होती. बुधाजीला ती दिसत होती आणि बोचतही होती, पण दोस्ताला काय बोलणार?

"गोरो सायब तुझो उष्टो मगो तोंडाक लावता?" धोंडू हसायचा. "गजाली नको मारूस मेल्या!"

"अरे, दरसाल त्याचं पत्र येतं ना!"

"पत्र खरां. मगो खोटो."

 टॉम पत्रात थंडीबद्दल लिही, गिरणीबद्दल लिही, मुलांबद्दल लिही. मग्याबद्दल अक्षर नाही. तो कदाचित विसरूनही गेला असेल, ही शंका बुधाजीला मधूनमधून यायची. ती त्याने जाईबाईलाही कधी सांगितली नाही. मग्याची गोष्ट खरी आहे असं धोंडूने एकदा, फक्त एकदा म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं.

एकोणसाठच्या सप्टेंबरात टॉमचं अवेळी पत्र आलं. बुधाजीची मुलगी नलू मॅट्रिकच्या वर्गात होती. इंग्रजी पत्रं वाचायचं आणि लिहायचं खातं तिच्याकडे. तिने वाचून दाखवलं: ऑक्टोबरच्या आठ तारखेला इंग्लंडात निवडणूक आहे आणि मजूर पक्षाने आमच्या गावातून मला उभं केलं आहे.

बुधाजी खुर्चीवरून उठला, बसला, परत उठला. "निशाणी काय त्याची?"

नलूने पत्र उलटसुलट पाहिलं. "निशाणी नसते म्हणे. मतपत्रिकेवर नाव, पत्ता आणि धंदा. बस्स."

"मग पेटीवर काय चिकटवतात?"

"पेटी एकच असते बाबा. सगळ्यांची मतं तिच्यातच."

तेव्हा आपल्याकडे दर उमेदवाराची पेटी वेगळी असायची, तिच्यावर त्याची निशाणी. आपल्या निशाणीच्या पेटीत कागद टाकला की काम झालं. सगळ्यांची एकच पेटी ही कल्पनाच बुधाजीला लबाडीची वाटली. यामागे विरोधी हुजूर पक्षाचा हात असणार याबद्दल त्याची खात्री पटली.

"अहो, तिकडे सगळ्यांना वाचता येतं," नलू म्हणाली.

"एवढा मोठा देश, एकही अंगठेबहाद्दर नाही? उगाच काहीतरी! बिचाऱ्याला बिननिशाणीचा उभा केलाय. पडणार तो."

संध्याकाळी गॅलरीत सभा भरली. कुणी म्हणालं सिंह द्या, कुणी म्हणालं चरखा द्या, विणकर आहे तर धोटा द्या. बुधाजीने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि जाहीर केलं, "मगा."

"मगो?" धोंडू ओरडला. "अरे, कपबशी तरी दी! मग्याक कोण मत देतलो?"

पण घडी खात्यातल्या माणसापुढे छापाच्या बाबतीत कुणाचं चालणार? बुधाजीने जाड मेणकागद घेतला, ब्लेडने त्यात मग्याचा साचा कापला, कान असलेला, वर वाफेच्या तीन रेघा. नलूकडून लिहून घेतलं: हा साचा भिंतीवर ठेवायचा आणि वरून रंगाचा ब्रश फिरवायचा. भिंत उन्हाकडची निवड. मालकाने चुना मारला तर पुन्हा काढ, जरा मोठा. आणि साचा विमानाच्या टपालाने इंग्लंडला रवाना झाला.

मग जो महिना गेला तो विचारू नका. नायगावातल्या माणसांना लँकेशायरच्या गिरण्यांची काळजी लागली. जेवणाच्या सुट्टीत बुधाजी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातली चार ओळींची इंग्लंडची बातमी शोधून सगळ्यांना ऐकवायचा. मजूर पक्ष जोरात आहे असं छापून आलं की तो घडी खात्यात दुप्पट जोराने छाप मारी. धोंडूलासुद्धा मजूर पक्षच यायला हवा होता. फक्त मग्याशिवाय.

नऊ तारखेला संध्याकाळी कोपऱ्यावरच्या हॉटेलातल्या रेडिओभोवती चाळ गोळा झाली. बातमी आली: हुजूर पक्षाला भरघोस बहुमत. टॉम हॅडलीचं नाव काही आलं नाही. सहाशे तीस जागा, रेडिओ कुणाकुणाची नावं घेणार? बुधाजी जागेवरच बसून राहिला. धोंडूने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि त्या दिवशी चेष्टा केली नाही. चेष्टा केली असती तर बरं झालं असतं, असं बुधाजीला वाटलं.

दहा दिवसांनी जाडजूड पाकीट आलं. संध्याकाळची वेळ होती, सगळे घरीच. नलूने पाकीट उघडलं तसा आतून वर्तमानपत्राचा एक तुकडा पडला. त्यावर फोटो: टक्कल पडलेला एक हसरा माणूस, आणि त्याच्या मागच्या फळ्यावर कानाचा, वाफेच्या तीन रेघांचा, बुधाजीच्या हातचा मगा.

गॅलरीत जो गलका झाला तो जाईबाईने हातातलं लाटणं कठड्यावर आपटून थांबवला. "पोरीला वाचू द्या!"

नलू वाचू लागली. टॉमने गावभर मगे छापले होते. आणि दुसऱ्याच दिवशी गावात बोंब झाली, कारण तिकडे असल्या मग्यातून बियर पितात. दारूबंदीवाल्या बायका टॉमच्या सभेत उठून उभ्या राहिल्या: मजूर पक्षाचा उमेदवार गुत्त्याची जाहिरात करतो काय? मतमोजणीत टॉम तीनशे तेरा मतांनी पडला.

बुधाजीचा चेहरा पांढरा पडला. "मी पाडला त्याला."

"थांबा ना बाबा!" नलूचा आवाज आता चढला होता. "पुढे लिहिलंय. 'त्यामुळे मला प्रत्येक सभेत सांगावं लागलं की हा चहाचा मगा आहे. ब्रह्मदेशात माझ्याजवळ काही नव्हतं, तेव्हा बुधाजी गमरे नावाच्या माझ्या मित्राने स्वतःच्या मग्यातला अर्धा चहा मला दिला. ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. आता ती साऱ्या गावाला पाठ झाली आहे. गेल्या वेळी आमचा उमेदवार इथे चार हजारांनी पडला होता. या वेळी मला एकवीस हजार चारशे सहा मतं पडली. बुधाजी, ती तुझ्या मग्याला पडली आहेत.'"

बुधाजी रडत होता आणि हसतही होता, आणि आपण कुठलं करतोय याची त्याला शुद्ध नव्हती. कुणीतरी रॉकेलचा डबा बडवायला घेतला. अर्ध्या तासात मिरवणूक निघाली, सगळ्यांत पुढे बुधाजी, काठीच्या टोकाला निळ्या काठाचा मगा. हिंदमाताच्या नाक्यावर पोलिसाने अडवलं.

"कुणाची मिरवणूक?"

"टॉम हॅडलीची."

"कुठून निवडून आला?"

"इंग्लंडातून. पडला!"

पोलिसाने टोपी सरळ केली आणि तो बाजूला झाला.

परत आल्यावर जाईबाईने मोठ्या पातेल्यात चहा टाकला. चाळीतले कप, पेले, वाट्यासुद्धा संपल्या. धोंडू कठड्याला टेकून उभा होता. घोषणा देऊन घसा बसलेला. आज पित्ताचं नाव त्याने काढलं नव्हतं, पण हातही पुढे केला नव्हता. बुधाजी काठीवरून सोडवलेल्या मग्यातून चहा पीत होता. अर्धा झाला असेल नसेल, धोंडूने तो त्याच्या हातातून काढून घेतला.

"विसळून देतो रे, थांब," बुधाजी घाईघाईने म्हणाला.

धोंडूने मगा तोंडाला लावला आणि तळ दिसेपर्यंत खाली घेतला नाही. मग बाहीने मिश्या पुसल्या.

"एकवीस हजार मतां पडली ह्या मग्याक," तो म्हणाला. "मी एकटो इरोधात कशाक जाऊ?"