चिठ्ठीवरचे अक्षर

ते प्रकरण आठवले की आजही बसल्या जागी स्वस्थता वाटत नाही. गुन्हा उघडकीस आला होता, आरोपींना अटक झाली होती, वरिष्ठांनी पाठही थोपटली होती.

देवणी-जळकोट पट्ट्यातील एका ठाण्याचा मी प्रभारी निरीक्षक होतो. दर शनिवारी एका शाळेत आम्ही व्यसनविरोधी तास घ्यायचो. मी कायदा सांगायचो. ठाण्यातल्या महिला हवालदार मुलांकडून सराव करून घ्यायच्या. एकाने 'घे रे, काही होत नाही' असा आग्रह करायचा, दुसऱ्याने आवाज न चढवता, डोळ्यांत बघून नकार द्यायचा.

"मॅडम, याला न्हाई म्हणलं तर हा डब्यातलं लोणचं देत न्हाई," असे एकाने सांगितले तेव्हा हवालदार बाईही हसल्या.

तास संपला की आम्ही कुलूप लावलेली पेटी शाळेत ठेवायचो. काही दिसले तर लिहा, नाव घालू नका, आम्ही विचारणार नाही, असे मी सांगायचो.

एका शाळेतली पेटी पंधरवड्याने उघडली. बहुतेक चिठ्ठ्या बंद पंख्याच्या, एक गणिताच्या सरांविरुद्ध. एक वेगळी होती. 'बाजाररस्त्याच्या मेडिकलवर आमच्या नववीतल्या तिघांना डॉक्टरच्या कागदाशिवाय खोकल्याच्या बाटल्या मिळतात. ते नशा करायलेत. एक जण वर्गात पडला. तो मरंल.'

औषध निरीक्षकांना बोलावले, दोन पंच घेतले आणि दुकान तपासले. नोंदी बरोबर होत्या, कपाटात आक्षेपार्ह काही नव्हते. "साहेब, दमलाव. चहा सांगू का?" दुकानदाराने पंचांसमोर विचारले. आम्ही रिकाम्या हाताने परतलो.

साठा दुसरीकडे होता, हे उघड होते. कुठे, ते चिठ्ठी लिहिणाऱ्यालाच ठाऊक असणार, असे मी धरून चाललो. बातमीदार कोण हे कळल्याशिवाय बातमीवर विसंबायचे नाही, या शिस्तीत माझी आजवरची नोकरी झाली होती. मी नववीच्या निबंधाच्या वह्या मागवल्या.

"साहेब, चिठ्ठीवाल्याला कशाला हुडकायलाव?" बाई म्हणाल्या. "चिठ्ठीत आलं तेवढं बस हाय."

मी ऐकले नाही. शाळेच्या शिपायाने वह्यांचा गठ्ठा आणून दिला. तासाभरात अक्षर जुळले. ते एका मुलीचे होते. वहीवरचे आडनाव मुख्याध्यापकांनी ओळखले. मेडिकलवाला तिचा सख्खा चुलता होता.

तिला मुख्याध्यापकांच्या खोलीत बोलावले. बाई सोबत होत्या. मी गणवेशात होतो; साध्या कपड्यात जावे, एवढेही सुचले नाही.

"बाटल्या कुठे ठेवतात, बेटा?"

"मला न्हाई माहीत, सर."

"घाबरू नकोस. तुझे नाव कुठेही येणार नाही."

"नाव लागत न्हाई म्हणलाव ना तुम्ही? मग मला कसं काय बोलावलाव?"

मी तोच प्रश्न आणखी तीन प्रकारे विचारला. सराईत आरोपी या पद्धतीला तिसऱ्या फेरीत कंटाळून बोलतो. ती नाही बोलली. "मला सांगायचं न्हाई," एवढेच म्हणत राहिली. आवाज चढवला नाही, नजर खाली घातली नाही. आम्हीच शिकवले होते. बाई खिडकीबाहेर बघत उभ्या होत्या.

ती वर्गात गेल्यावर बाईंनी हजेरीपट मागितला. गुरुवारी आठवडी बाजार. दर गुरुवारी मधल्या सुट्टीनंतर तीच तीन नावे गैरहजर होती. हजेरीपट त्याच कपाटात होता, ज्यातून वह्या निघाल्या होत्या.

पुढच्या गुरुवारी बाई साध्या साडीत, हातात पिशवी घेऊन बाजारात उभ्या राहिल्या. दुपारी त्यांचा फोन आला. "साहेब, तिघं मेडिकलमधून रिकाम्या हातानं निघाले अन् शेजारच्या पेंडीच्या दुकानात शिरले. एकाच्या बी घरी जनावराचं शेपूट न्हाई. हे तिथं काय करायलेत?"

सरकी पेंडीच्या पोत्यांमागे बाटल्यांची खोकी मिळाली. जागेवर पंचनामा झाला. मेडिकलवाला आणि पेंडवाला, दोघांना अटक झाली. मुलांना पालकांसह समुपदेशनाला पाठवले. एकाला नांदेडला दाखल करावे लागले, तो वाचला.

पण वह्या नेताना आणि मुलीला वर्गातून उठवताना लोकांनी पाहिले होते. गावाला उमजायला एक दिवस पुरला. ती शाळेत यायची बंद झाली.

आठ दिवसांनी मी बाईंना घेऊन तिच्या घरी गेलो, या वेळी साध्या कपड्यात. वडील दारातच उभे राहिले. आत या, असे म्हणाले नाहीत.

"साहेब, माझ्या लेकीनं काकाला धरून दिलं म्हणून सगळी भावकी बोलायली. खरं हाय का?"

"तसे काही नाही," मी म्हणालो.

"मग तुम्ही माझ्या दारात कशाला आलाव?"

घरातला भांड्यांचा आवाज थांबला. आम्ही परत फिरलो.

महिन्याच्या आत तिचा शाळा सोडल्याचा दाखला काढला गेला. तिला बिलोलीकडे मामाच्या गावी पाठवले होते. तिथे शाळेत घातले की नाही, याबद्दल दोन वेगवेगळ्या गोष्टी कानावर आल्या. "विचारून बघू का, साहेब?" बाईंनी विचारले. मी नको म्हणालो. माझ्या शोधाने तिचे व्हायचे तेवढे नुकसान झाले होते.

पुढे माझ्या ठाण्यात पद्धत बदलली. बाई चिठ्ठीतला मजकूर उतरवून घ्यायच्या आणि मूळ पान शाळेतच जाळायच्या. मलाही दाखवायच्या नाहीत. मिळालेली माहिती नीट वाचली, तर ती देणाऱ्यापर्यंत जावे लागत नाही, हे मला त्या बाईंनी शिकवले. ते शिकायला इतकी वर्षे का लागली, या प्रश्नावर निवृत्तीनंतरही माझी सकाळ अडते.

त्या गुन्ह्याच्या फिर्यादीतली पहिली ओळ मीच सांगून लिहवलेली आहे: 'गुप्त बातमीदारामार्फत खात्रीलायक बातमी मिळाली.' कागदावर ती मुलगी अजून गुप्तच आहे.