म्हशाची जत्रा आणि सरांचं सेशन

दोन हजार सालानंतर काही वर्षं मी शहापूरहून एसटीने मुरबाडच्या एका कॉलेजात शिकवायला जायचे. आमच्या विभागप्रमुख सरांनी मुलांची हजेरी मोजणारा प्रोग्रॅम लिहिला होता. एडिटरमधल्या एकाच फाइलमध्ये टिपणं आणि मध्येमध्ये कोडचे तुकडे. तुकडा चालवला की उत्तर खालीच उमटायचं. मागे इंटरप्रिटरचं, म्हणजे कोड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमचं, सेशन कायम चालू असे आणि आधीच्या तुकड्यांनी सांगितलेलं सगळं ते लक्षात ठेवी.

"मशीन बंद करायचं नाय, स्मरणशक्ती जाईल त्याची," सर बजावत. लोडशेडिंगसाठी इन्व्हर्टर आला. वर्गात पंखे बंद असले तरी सरांच्या सेशनची वीज कधी गेली नाही.

पौषात मुरबाडजवळच्या म्हसा गावी म्हशाची जत्रा भरली की वर्ग ओस पडत. मुलंही नसत, शिकवणारेही नसत. म्हणून सरांनी एका तुकड्यात 'म्हसा' या नावाखाली जत्रेचे दिवस लिहिले होते. हजेरी मोजणारे पुढचे तुकडे त्याच नावाने ते दिवस वगळत. तपासणी समिती येणार म्हटल्यावर त्यांनी तो तुकडा फाइलमधून पुसून टाकला. सेशनच्या लक्षात तो होताच, त्यामुळे कुणाचीच हजेरी घसरली नाही. सर खूश.

समिती आली त्या सकाळी सरांनी घाईघाईत स्वागताचा एक नवा तुकडा घालून चालवला आणि शेवटचं अवतरणचिन्ह विसरले. इंटरप्रिटर वाक्य पुरं होण्याची वाट बघत बसला. पुढचा प्रत्येक तुकडा त्याने स्वागताचाच भाग समजून गिळला. उत्तर काही येईना.

"विचार करतंय," सर म्हणाले.

समितीच्या अध्यक्षांचा चहा झाला, बिस्किटं झाली. "फारच खोल विचार करतंय हो," ते म्हणाले.

मी सरांना हळूच म्हटलं, "सेशन बंद करून नव्यानं चालू करू या का?" पुसलेला तुकडा माझ्या डोक्यातच आला नाही. सरांच्या मात्र आला असावा. ते एकदम पांढरे पडले. पण समितीसोबत आलेल्या प्राचार्यांनी फर्मावलं, "करा हो मॅडम, करून टाका."

मी स्वागताचा तुकडा काढून टाकला, नवं सेशन उघडलं, फाइल वरपासून चालवली. पडद्यावर लाल अक्षरांत तक्रार आली: म्हसा म्हणजे काय, ठाऊक नाही.

"हे म्हसा काय आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

प्राचार्यांनी सरांकडे बघितलं. शेवटी सर म्हणाले, "साहेब, जत्रा हाय आमची. मोठा बैलबाजार भरतो. ते दिवस आमी हजेरीत धरत नाय."

आता संपलं, असं मला वाटलं. अध्यक्ष खुर्चीत पुढे सरकले.

"घोंगड्या चांगल्या मिळतात म्हणे तिथे?"

"एक नंबर, साहेब!" प्राचार्य म्हणाले.

अहवालात आमच्या विभागाचं 'स्थानिक गरजांची जाण असलेली संगणकव्यवस्था' असं कौतुक झालं. पुढची तपासणी समितीने आपणहून पौषात ठेवली. सरांनी जत्रेचा तुकडा फाइलच्या अगदी वरती आणून बसवला आणि तेव्हापासून रोज सकाळी ते स्वतःच सेशन बंद करून नव्यानं चालू करू लागले. आम्हाला मात्र सांगत, "ताज्या डोक्यानं काम चांगलं होतं."