चोरीला गेलेले गाणे

नोकरीतल्या बऱ्याच केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. ही मात्र वेगळी राहिली. निवृत्तीला थोडी वर्षे उरली होती आणि रायपूरचा सदर बाजार माझ्या ठाण्याच्या हद्दीत येत होता.

एका सकाळी एक व्हिडिओ दिग्दर्शक तक्रार घेऊन आला. इथल्याच एका मराठी घरातल्या गायिकेचे नवे गाणे त्याने चित्रित केले होते. आमच्या तरुणपणी या बाईंच्या हिंदी पॉप गाण्यांच्या कॅसेट घरोघरी वाजत. मग त्यांनी गाणे सोडले. आता पासष्टीनंतर त्या पुन्हा गायल्या होत्या. व्हिडिओ आठ दिवसांनी प्रसिद्ध व्हायचा होता, आणि त्याची हार्ड डिस्क दुसऱ्या प्रतीसकट स्टुडिओच्या कपाटातून गेली होती.

जागा पाहिली. कुलूप शाबूत होते. शेजारच्या खणातल्या महागड्या कॅमेऱ्याला हातही लागलेला नव्हता. किल्ली एडिटरकडे असे. गुढ़ियारीत राहणाऱ्या या माणसाला दोन दिवस ठाण्यात बोलावून मी तेच तेच विचारले. तो एवढेच म्हणे, "सर, तीन महीने की मेहनत है मेरी. मैं क्यों लूँगा?" माझा आवाज मात्र चढतच गेला.

मधल्या वेळात बाईंच्या घरी जाऊन आलो. त्या शाल पांघरून खुर्चीत बसल्या होत्या. बोलत होती त्यांची मुलगी. ती अभनपूरच्या शाळेत शिक्षिका होती. "आईले त्रास नका देऊ साहेब, मी सांगते. चोरी झाली त्या दिवशी मी तर दिवसभर शाळेत होती." मी लिहून घेतले, चहा घेतला आणि निघालो.

तिसऱ्या दिवशी स्टुडिओखालच्या कापड दुकानदाराने आमच्या हवालदाराला सहज सांगितले, "मॅडम की बेटी आई थीं दोपहर में. मैंने आवाज़ दी, रुकी ही नहीं." मी शाळेत फोन लावला. त्या दिवशी तिची अर्ध्या दिवसाची रजा होती.

तिला ठाण्यात बोलावले, महिला हवालदाराला शेजारी बसवले आणि रजेची गोष्ट समोर ठेवली. या वेळी आवाज चढवला नाही. ती स्वतःच बोलू लागली.

"एडिटर जेवाले गेला होता. किल्ली कपाटालेच लावलेली होती." मग रडू आवरत म्हणाली, "गाण्यात आईचा हात थरथरून राहिला, साहेब. दोन वर्षांपासून आजार आहे तिले. मी व्हिडिओ पाह्यला, त्यांनी तो हातच जवळून दाखवला. लोक हसतील, मोबाइलवर फिरवतील. मी नाही पाहू शकत."

डिस्क आणि दुसरी प्रत शाळेतल्या तिच्या कपाटात सापडली. दोन साक्षीदारांसमोर ताब्यात घेतली. ओळख पटवण्यासाठी बाईंना आणि दिग्दर्शकाला बोलावून डिस्क ठाण्यातल्या कॉम्प्युटरला जोडली. पडद्यावर माइक धरलेला हात थरथरत होता, गळा मात्र स्वच्छ होता. मुलीने मान फिरवली.

"हा शॉट मीच ठेवाले लावला," बाई दिग्दर्शकाकडे बोट दाखवत म्हणाल्या. "हे तर काढून राहिले होते."

"मले काहून नाही सांगितलं?" मुलगी म्हणाली.

"तू विचारलं काय? डॉक्टरशी तू बोलते, पाहुण्यांशी तू बोलते. मी घरातच असते ना, पोरी?" मग त्या माझ्याकडे वळल्या. "आन् साहेब, तुम्हीबी आले, चहा पिऊन गेले."



गुन्हा अजून नोंदवलेला नव्हता, चौकशी तक्रार अर्जावरच चालली होती. दिग्दर्शकाने लेखी देऊन अर्ज मागे घेतला. मी गुढ़ियारीला जाऊन एडिटरची माफी मागितली. त्याने दारातच ऐकून घेतले, आत या म्हटले नाही. त्याचे चुकले असे मला वाटत नाही.

व्हिडिओ ठरल्या दिवशी आला. काही लोक हसलेही. मुलीची भीती अगदी खोटी नव्हती. बाईंनी त्यानंतर आणखी एक गाणे केले. तेव्हा मुलगी चित्रीकरणाला बरोबर होती, असे कळले.

चोर कोण हे शोधण्यात मी तीन दिवस घालवले. जिचे गाणे गेले, तिच्याशी मी एक वाक्यही बोललो नव्हतो. म्हातारी, आजारी माणसे समोर बसलेली असतात आणि आपण त्यांच्या डोक्यावरून बोलतो. पोलीसही त्याला अपवाद नाहीत. उरलेल्या नोकरीत मी एक पथ्य पाळले. ज्याचे काही गेले आहे त्याचा जबाब आधी, घरच्यांना बाहेर बसवून. पुष्कळदा ते माणूस अडखळत, शब्द शोधत बोले. मी पेन खाली ठेवून थांबत असे.